मालक खाटेवर, बैल गोठ्यात

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? आजीनं घातलेलं हे कोडं आपल्यातल्या बहुतेकींना पाठ असेल. तिन्हीचं उत्तर एकच. फिरवलं नाही म्हणून! भाकरी तव्यावर फिरवायची, विड्याची पानं टोपलीत खालीवर करायची आणि घोड्याला रोज फिरवून आणायचं. भाकरी फिरवायला आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. घोडा मात्र आता वरातीपुरता उरला. आमच्या ढाणकीकडे, उमरखेड तालुक्यात, दारात घोडा नसतो, बैलजोडी असते. म्हणून मी कोड्यात बैल घालते. बैल का अडला? उत्तर बदलत नाही.

आणि तो अडतो कधी? घरधनी पडतो तेव्हा.

पडायला काय लागतं हो! काळ्या मातीवर एक पाऊस झाला की पाय घसरतो, मोटारसायकल घसरते, कधी बंडीचं चाकच पायावरून जातं. फवारणीचं विष अंगात भिनतं ते वेगळंच. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त जणांचे जीव गेले, शेकडो जण दवाखान्यात पडून होते, हे आपण विसरलेलो नाही. नडगीचं हाड मोडलं की माणसाला आधी उमरखेडला, नाहीतर सरळ नांदेडला न्यायचं. जिल्हा यवतमाळ असला तरी आम्हाला नांदेडच जवळ. तिथं रॉड टाकतात नाहीतर प्लास्टर घालतात आणि सांगतात, तीन महिने पायावर वजन टाकायचं नाही. कधी चारही लागतात. घरात धावपळ सुरू होते. पाहुणे येतात, बिस्किटाचे पुडे येतात, केळी येतात. औषधं, डबे, उसनेपासने पैसे. सगळ्यांचं लक्ष खाटेकडे. ते असायलाच पाहिजे. पण त्याच वेळी गोठ्यात दोन जीव दाव्याला उभे असतात. चारा टाकला, पाणी दाखवलं की झालं, असं सगळे धरून चालतात.

माझं म्हणणं असं, की घराचं दुसरं हाड इथंच मोडतं. ते वाचवणं बाईला जमण्यासारखं आहे, पण तिच्या हातात कासरा द्यायला कुणी तयार नसतं.

प्लास्टर काढल्यावर नवऱ्याचा पाय पाहिलाय तुम्ही? दुसऱ्या पायापेक्षा बारीक झालेला असतो. वापर नाही म्हटल्यावर मांस झडतं. बैलाचंही तसंच होतं, फक्त त्याच्या कातडीआड आपल्याला ते पटकन दिसत नाही. उलट उभा राहून खाल्ल्यानं त्याचं पोट सुटतं आणि येणारेजाणारे म्हणतात, वा, बैल मस्त सुधारले! सुधारले कसले... खुरं वाढलेली असतात, कारण घासली जात नाहीत. शेणामुतात उभं राहून खुरांच्या बेचक्या कुजायला लागतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान खांद्याचं. विळा धरून आपल्या तळहाताला घट्टे पडतात ना, तशी जू वाहून वाहून बैलाच्या मानेवरची कातडी टणक झालेली असते. दोन-अडीच महिने जू लागलं नाही की ती नरम पडते. मग मालक बरा झाला, हंगाम हातचा जातोय म्हणून पहिल्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जुंपलं, की खांदा सुजतो. खांदेसूज आली की बैल कित्येक दिवस कामातून गेला. कातडी फुटली तर माश्या बसतात, किडे पडतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद नि तूप लावून बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर ओझं वाहणाऱ्या जागेची तेवढी तरी कदर आपल्या जुन्या माणसांनी ठेवली होती.

खुराकाची गोष्ट तर बाईच्याच हातातली. बैल उभा आहे, बिचारा, म्हणून आपण ढेप रोजच्याएवढीच टाकतो, वरून शिळ्या पोळ्या, भात, भरडा. माया असते ती! पण काम नसलेल्या जनावराला कामाचा खुराक म्हणजे दुखणं विकत घेणं. युरोपात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची आणि खुराक मात्र रोजचाच. सोमवारी जुंपलं की घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे कडक व्हायचे, पाऊल उचलेना, लघवी गडद तपकिरी यायची. त्या आजाराला तिकडे नावच पडलं ‘सोमवार सकाळचं दुखणं’. बैलाचं पोट घोड्यापेक्षा वेगळं, चार कप्प्यांचं. त्याला जास्तीचं धान्य किंवा शिजलेलं अन्न एकदम मिळालं की ते पोटात आंबतं, रवंथ बंद होतं, पोट फुगतं, जनावर मान टाकतं. पोळ्याला पुरणपोळ्यांचा मारा झाला की दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांची धावपळ होते ती यामुळेच. तेव्हा काम थांबलं की ढेप आणि भरडा चार-सहा दिवसांत हळूहळू निम्म्यावर आणायचा. कडबा, कुटार पोटभर, पाणी भरपूर, मिठाचा खडा चाटायला. आणि पुन्हा जुंपायची वेळ आली की तसाच हळूहळू वाढवायचा.

तुम्ही म्हणाल, आता ट्रॅक्टरचे दिवस, बैल कशाला हवेत? नांगरट ट्रॅक्टरनं होते, खरं आहे. पण पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली, सोयाबीन दाटलं, की डवऱ्याला बैलच लागतात. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो. ज्याची स्वतःची जोडी नाही त्याला विचारा, वाफसा आल्यावर दुसऱ्याची जोडी मिळायला किती दिवस वाट पाहावी लागते. तोवर तण वर येतं आणि निंदणाची मजुरी दुप्पट होते.

म्हणून जोडी उभी राहिली की घरात दोन सल्ले सुरू होतात. एक म्हणजे, तोवर भावकीतल्या कुणाला तरी वापरायला देऊन टाका. त्यांचंही काम होईल, बैलंही चालती राहतील. ऐकायला छान. पण दुसऱ्याच्या बैलावर कुणाची माया असते? आपलं दोन एकर झाल्यावर तो आणखी कुणाचं तरी चार एकर हाणतो. जोडी परत येते तेव्हा एकाच्या पाठीवर वळ आणि दुसऱ्याचा पाय लंगडत. आणि नातं असं की बोलताही येत नाही. द्यायचीच असेल तर किती तास, किती दिवस, चारा कुणाचा, हे आधी चार माणसांत बोलून द्या. गोड बोलून दिलेलं कडू होऊन परत येतं.

दुसरा सल्ला विकण्याचा. हा सल्ला देणारा माणूस साधारण दुसऱ्या आठवड्यात येतो, केळी घेऊन येतो, खाटेजवळ बसून आजाऱ्याची चौकशी करतो आणि जाता जाता गोठ्यात डोकावतो. “वहिनी, कशाला कष्ट घेता, मी घेऊन जातो ना जोडी. नंतर घ्या दुसरी.” घरात दवाखान्याचं बिल असतं, नवरा वैतागलेला असतो, आणि जोडी जाते. आज चांगल्या जोडीला लाखाच्या वर मोजावे लागतात. पण अडलेल्या घराला तो भाव कुणी देत नसतं. आणि ‘नंतर दुसरी घेऊ’ हे नंतर फार थोड्या घरांत उजाडतं. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा जनावरांचे बाजारच बंद झाले होते. ज्यांनी आधी विकून टाकली होती त्यांना घ्यायची म्हटली तरी जोडी मिळेना. विकायचीच असेल तर नवरा-बायकोनं बसून, कागदावर हिशेब मांडून विका. केळ्यांच्या बदल्यात विकू नका!

आता कासऱ्याची गोष्ट.

ढाणकीच्या शिवारातलं एक घर मला माहीत आहे. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. पेरणी आटोपली आणि नवऱ्याचा पाय मोडला. मुलगा अकरावीला, सासू थकलेली. पहिले आठ दिवस तिनंही सगळ्यांसारखं फक्त चारापाणी केलं. नवव्या दिवशी उजवा बैल दाव्याला हिसडे मारायला लागला, गव्हाणीला शिंगं घासायला लागला. नवरा खाटेवरून म्हणाला, त्याला फिरवायला पाहिजे. पोरगं शाळेतून येईस्तोवर अंधार पडतो. मग तीच म्हणाली, “मी नेतो ना.” आमच्याकडे बाया असंच बोलतात, नेतो म्हणून. सासू म्हणाली, “बाईनं का बैलं हाकावं?” “कामून नाई? शेण मीच काढतो ना त्यायचं!”

या एका वाक्यात सगळं आलं, नाही का? शेणकूर बाईनं काढायचं, गोठा बाईनं झाडायचा, कडब्याची पेंढी डोक्यावर बाईनं आणायची, आजारी पडला तर रात्री उठून बाईनं पाहायचं. कासरा तेवढा बाप्याचा. नांगराला बाईचा हात लागला तर विटाळ, असं मानणारी माणसं अजून आहेत. गंमत अशी, की उत्तर प्रदेश-बिहारकडे पाऊस रुसला की त्याला बोलवायला बायकांनाच रात्री नांगर धरायला लावतात. म्हणजे संकट आलं की शास्त्र बदलतं. आणि आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात बायका जोड्या पळवतात, बघायला गर्दी लोटते. शंकरपट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद पडला, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पटाच्या बाजूनं आणि विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे, तो वाद आज नको. माझा मुद्दा एवढाच, की पळत्या जोडीचा कासरा बाईला पेलतो, तर दावणीच्या जोडीला पाणंदीतून फिरवून आणणं का नाही पेलणार?

तिनं काय केलं ते सांगते, कारण ते कुणालाही जमेल. नवऱ्याचा जुना फुल शर्ट लुगड्यावर चढवला, कापूस वेचायला जाताना घालतो तसा. पदर खोचला. दोघांना बरोबर काढलं. जोडीतला एकच फिरवायला नेला तर मागचा हंबरून गोठा डोक्यावर घेतो. जुवाला डावा चालणारा डावीकडे, उजवा उजवीकडे, सवयीप्रमाणे. पहिल्या दिवशी अर्धा तास, पुढच्या आठवड्यात तास. ऊन चढायच्या आत. पण भल्या पहाटे नाही, कारण पैनगंगेचं अभयारण्य लागून असल्यानं आमच्याकडे पिकांत रानडुकरं असतात. डुकराला बुजलेला बैल आवरणं बाप्यालाही जमत नाही. आणि एक गोष्ट नवऱ्यानं तिला पुन्हा पुन्हा बजावली, ती मी तुम्हालाही बजावते. कासरा हाताला गुंडाळायचा नाही! मुठीत धरायचा. बैल उधळला तर सोडून देता आला पाहिजे. बैल परत सापडतो, मनगट तुटलं तर काय करणार? मारका बैल असेल तर मात्र हट्ट करू नका. त्याला सवयीचा बाप्या माणूसच बघा, रोजचे पैसे द्यावे लागले तरी द्या.

तीन आठवड्यांनी तिनं मुलाच्या मदतीनं, रविवारी, जू चढवलं. नुसतं जू, मागे काही नाही, घरापासून नाल्यापर्यंत आणि परत. मग रिकामी बंडी. मग बंडीत हिरवं गवत, गोवऱ्या, थोडं थोडं ओझं. रोज आल्यावर खांद्यावर हात फिरवून पाहायची, गरम लागतो का, सूज आहे का. खुरांत खडा अडकलाय का. शेपटीखाली, कानात गोचीड आहे का. ओलं गवत खाताना पोट फुगतंय का यावर डोळा. कोवळ्या ज्वारीच्या रानात जाऊ द्यायचं नाही, त्यात विष असतं. खाटेवरचा माणूस सूचना देत होता, आधी चिडून, मग नीट. तो तिथूनच दोघांना नावानं हाक मारायचा आणि दोघंही कान टवकारायचे. त्याच्या बरं होण्याला त्याचाही हातभार लागला असेल, कुणी सांगावं.

आता यावर तुमच्यातली एखादी म्हणेल, बाई गं, म्हणजे आणखी एक काम माझ्याच डोक्यावर? आजाऱ्याचं मी करायचं, मजुरीला मी जायचं, सैपाक माझा, आणि आता बैलंही? तिचं अगदी बरोबर आहे. आणि म्हणूनच माझी अट आहे. बाईनं कासरा हातात घेतला तर तिच्या हातातलं काहीतरी दुसऱ्यानं घेतलंच पाहिजे. अकरावीतल्या पोराला भाकरी थापता येत नसेल तर शिकवा. पहिल्या आठ दिवस नकाशे होतील भारताचे, होऊ द्या. पाय मोडलेल्या माणसाचे हात शाबूत असतात. तो बसल्या बसल्या दाळ निवडू शकतो, लसूण सोलू शकतो, दावी वळू शकतो, किराण्याचा हिशेब लिहू शकतो. आमच्या त्या घरात नवरा भाजी चिरायचा. शेजारची माणसं हसली. हसणाऱ्यांपैकी कुणी एक दिवस बैल फिरवायला आलं नाही, हेही खरं.

सरकारी मदतीचं म्हणाल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन अवयव गेले तर २ लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. पण हाड मोडलं, तीन महिने पडून राहिला, मग बरा झाला, अशा माणसाच्या घराला त्यातून काही नाही. म्हणजे अपघात पूर्ण बरबाद करून गेला तर मदत, नुसता हंगाम घेऊन गेला तर नाही! त्या तीन महिन्यांत घराला सावरणारी भांडवलाची वस्तू एकच, गोठ्यातली. तिच्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर लक्षात ठेवा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा. जनावर खाईनासं झालं, पोट फुगलं, की घरगुती काढे पाजत बसू नका, फोन करा. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी चुकवू नका, मालक खाटेवर असला तरी. एका ठिकाणी एक बाई बैल घेऊन गेली तर तिला पहिला प्रश्न आला, “मालक कुठं आहेत?” तिनं म्हणावं, मीच आहे.

आणि हे सगळं अपघात झाल्यावर शिकायचं नसतं. आपण पोरींना सायकल शिकवतो, स्कुटी शिकवतो, बँकेचा फॉर्म भरायला शिकवतो. ज्या घरी जोडी आहे त्या घरच्या लेकीला, सुनेला बैल सोडता-बांधता आलं पाहिजे, जू चढवता आलं पाहिजे, बैल तिच्या आवाजाला ओळखता झाला पाहिजे. बैल आवाज ओळखतो, त्याला बाप्या-बाई कळत नाही. आठवड्यातून एक दिवस, मालक धडधाकट असताना, तिनं जोडी पाण्यावर नेली तरी पुरे.

त्या घरी प्लास्टर निघालं, नवरा काठी टेकत गोठ्यापर्यंत आला. जोडी तयार होती. पहिले दोन दिवस सकाळी दोन-दोन तासच डवरा धरला, पोरानं. नवरा बांधावर बसून पाहत होता. खांदे सुजले नाहीत. आजूबाजूच्यांची तणं वाढली होती, हिची पऱ्हाटी वेळेत मोकळी झाली.

पोळा आला. बैलांना धुतलं, शिंगं रंगवली, झुली चढवल्या. ते सगळं तिनंच केलं. तोरणाखाली जोडी घेऊन जायला मात्र पुतण्या आला, नवीन शर्ट घालून. ती दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी. मी तिला विचारलं, अगं, तीन महिने तू फिरवलंस, आज तू का नाही गेलीस? तर म्हणाली, “पुरणाचं कोण पाहीन, ताई?” यंदाच्या पोळ्याला मी तिच्या पुतण्याला पुरण वाटायला बसवणार आहे. तसं त्याला सांगूनही ठेवलंय.